कोरा फ्लॅश

१

नाताळच्या मेळ्यात बँडचे फोटो काढायचे तर आधी आपली बोटं शेकून घ्यावीत, एवढं शहाणपण धर्मराजला आठ वर्षांत आलं होतं. कॅम्पातल्या चर्चमागचं ते मैदान चहूबाजूंनी उघडं. डिसेंबरातला बेळगावचा वारा तिथे शिरला की स्वेटरला जुमानत नसे. धर्मराज शेंगा भाजणाऱ्या म्हातारीच्या शेगडीवर दोन्ही हात धरायचा, मग पळत जाऊन स्टेजपुढे उभा राहायचा, दोन फोटो काढायचा आणि पुन्हा शेगडीशी यायचा. शेंगा घेत न्हाईस, निस्ता जाळ खातोस, असं म्हातारी त्याला दर वर्षी ऐकवायची.

मेळा तीन दिवसांचा. दुपारी चारला सुरू व्हायचा आणि आठ वाजले की फादर स्वतः येऊन दिवे मालवायचे, मग कुणाचं गाणं अर्ध्यावर का असेना. खानापूरकडची गिटारवाली पोरं यायची, निपाणीचा पंचवीस जणांचा थाटाचा बँड यायचा, आणि त्या दोघांच्या मधल्या वेळात मारुतीरावांचा कंग्राळीचा बँड वाजवायचा. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी लाल कोट चढवणारी माणसं ती. चर्चमधल्या मास्तरांनी त्यांना नाताळची चार गाणी शिकवली होती. ती ते वरातीच्या ठेक्यात वाजवत आणि खरं सांगायचं तर लोकांना तीच जास्त आवडत.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिला फोटोग्राफर लोक आपसांत कोरा फ्लॅश म्हणतात. एका रोलवर फोटो बसतात बारा, आणि मेळ्यात फोटो हवा असतो शंभर जणांना. नाही म्हटलं तर माणूस रुसतो, चारचौघांत नावं ठेवतो. म्हणून त्याला उभं करायचं, हनुवटी जरा वर घ्या म्हणायचं, आणि कॅमेऱ्याचं बटण न दाबता फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, माणूस खूश होऊन जातो, आणि रोल जिथल्या तिथे राहतो. पुढे कुणी विचारायला आलंच तर फोटो हालला म्हणायचं. बहुतेक कुणी येत नाही. धर्मराजच्या उस्तादाने त्याला कॅमेरा हातात देण्याआधी हेच शिकवलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या मेळ्यात भरमा असाच पुढे आला. कंग्राळीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, त्या वर्षी नवा कोट शिवून आलेला. आपला एकट्याचा एक काढा म्हणाला. रोलवर दोनच फोटो उरले होते आणि बक्षिसं द्यायची बाकी होती. धर्मराजने त्याला क्लॅरिनेट छातीशी धरायला सांगितलं, हनुवटी वर घ्यायला सांगितली आणि कोरा फ्लॅश मारला. "झालं, या आता," म्हणाला.

तीन आठवड्यांनी भरमा काविळीने गेला.

२

भरमाची बायको तानीबाई दुकानात पहिल्यांदा आली ती शिमग्याच्या सुमारास. धर्मराजचा स्टुडिओ खडेबाजाराच्या एका बोळात. शनिवारी भाजीची पाटी रिकामी झाली की ती यायची आणि पायरीवर टेकायची. नवऱ्याचा एकही फोटो तिच्या घरात नव्हता. लग्नात काढला नव्हता, आणि नंतर कुणी काढायला सांगितलं नव्हतं. बँडच्या फोटोत मोठ्या ढोलामागे त्याच्या टोपीचा तुरा तेवढा आला होता. पण मेळ्यातून घरी आल्यावर त्याने तिला सांगितलं होतं, माझा एकट्याचा फोटो काढलाय, अजून डोळ्यांपुढं निळं निळं दिसतंय. तोच फोटो तिला हवा होता, वर्षश्राद्धाच्या आत. धाकट्या मुलीला बापाचं तोंड आठवत नव्हतं. त्या दिवशी तरी तिला ते दाखवता यावं, एवढंच तिचं म्हणणं.

इथे धर्मराजने खरं सांगायला हवं होतं. त्याने निगेटिव्ह शोधतो म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला आपण आजारी होतो म्हणाला, त्यापुढे पावसात पेटी भिजली म्हणाला. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लावत नऊ महिने गेले. तानीबाई कधी रागावली नाही. "घावला का वो, आण्णा?" एवढंच विचारायची, आणि नाही म्हटल्यावर आपण बसलेली पायरी पदराने पुसून निघून जायची. तिने एखाद्या दिवशी चार शिव्या दिल्या असत्या तर धर्मराजला शांत झोप लागली असती.

आणि एक गोष्ट होती, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याला भरमाचा चेहरा आठवत नव्हता. एरवी कॅमेऱ्यातून टिपलेला माणूस तो दहा वर्षांनी रस्त्यात ओळखायचा. पण याच्याकडे त्याने नीट पाहिलंच नव्हतं, पाहण्याची गरजच नव्हती. क्लॅरिनेट आठवत होतं, कोटाची पितळी बटणं आठवत होती, आणि वर नुसता उजेड.

३

एकोणऐंशीचा मेळा बुधवारी सुरू झाला. वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते. कंग्राळीचा बँड उभा राहिला तेव्हा सहा वाजून गेले होते आणि मैदानावर धुक्यासारखं काहीतरी उतरू लागलं होतं.

धर्मराजचा कॅमेरा दोन भिंगांचा. छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत चित्र डावंउजवं उलटं दिसतं, पण एक बरं असतं, बटण दाबताना ते झाकलं जात नाही. उजेड पडतो तो क्षणही डोळ्यांपुढे राहतो. त्याने बँडचे दोन खरे फोटो घेतले. नऊ जण होते. भरमानंतर त्यांना दुसरा क्लॅरिनेटवाला मिळाला नव्हता, चाल आता शामूच्या ट्रंपेटवर चालली होती. गाणं संपता संपता मारुतीरावांनी भुवई उडवून आणखी एक घे अशी खूण केली. बँडमास्तरला नाही कसं म्हणायचं. धर्मराजने कोरा फ्लॅश मारला.

काचेत दहा जण होते.

रांगेच्या टोकाला, शामूच्या पलीकडे, एक लाल कोट होता आणि त्याच्या तोंडाशी काळं क्लॅरिनेट होतं. थंडीत वाजवणाऱ्यांच्या तोंडची वाफ फ्लॅशमध्ये पांढरी उठून दिसते. नऊ जणांच्या तोंडांपुढे ती होती, दहाव्याच्या नव्हती. धर्मराजने मान वर करून स्टेजकडे पाहिलं. नऊ जण वाद्यं खाली घेऊन हात चोळत होते.

त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर शेगडीकडे पळाला असता. पण धर्मराजचा बाप तीन वाटांच्या तिकाटण्यावर ठेवलेला उतारा घरी आणून त्यातल्या नारळाची चटणी करणारा माणूस होता. नारळ तेवढा ताजा बघून घ्यावा, बाकी कशाला भिऊ नये, हे त्याने पोरांना शिकवलं होतं. तेव्हा धर्मराजला भीतीच्या आधी वाटलं ते कुतूहल. फ्लॅशनंतर डोळ्यांत ठिपके तरंगतात, हे त्याला ठाऊक होतं. मात्र ठिपक्यांना पितळी बटणं नसतात, हेही ठाऊक होतं.

पुढच्या गाण्याला त्याने नीट प्रयोग केला. आधी एक खरा फोटो घेतला. नऊ जण दिसले. मग कोरा फ्लॅश मारला, दहा दिसले. पुन्हा खरा, नऊ. पुन्हा कोरा, दहा. चेहरा काही दिसत नव्हता, टोपीची सावली पडत होती. पाचव्या खेपेला त्याने पुन्हा कोराच मारला तेव्हा बाकीचे वाजवतच होते, पण टोकाच्या माणसाने क्लॅरिनेट छातीशी धरलं होतं आणि हनुवटी जरा वर घेतली होती.

त्यानंतर धर्मराजने त्या संध्याकाळी कंग्राळीच्या बँडचा एकही फोटो घेतला नाही.

४

वडगावातलं त्याचं घर दोन मागांच्या मधोमध होतं. दोन्हीकडून यंत्रमागांचा खडखडाट चालायचा, त्यामुळे नवराबायकोला एकमेकांशी बोलताना जवळ बसावं लागे. त्याची बायको बेबी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डाग झाकण्याचं काम करायची, आणि हाताइतकीच नजरेनेही पक्की होती. त्या रात्री जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं, कोऱ्या फ्लॅशपासून पायरी पुसण्यापर्यंत. दहावा माणूस ऐकून ती दचकली नाही. तिला राग आला तो नऊ महिन्यांच्या खोटेपणाचा. उद्याच्या उद्या कंग्राळीला जावा आणि त्या बाईला खरं सांगा, म्हणाली.

धर्मराजला ते पटत होतं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. फ्लॅश कोरा आहे हे आपल्याला आधी माहीत असतं, म्हणून आपलं मन तिथे माणूस उभा करत असणार. चोराच्या मनात चांदणं. मग फ्लॅश कोरा आहे की खरा हे आपल्यालाच माहीत नसेल तर? त्याच्याकडे सारखे दोन कॅमेरे होते. एकात रोल घालायचा, दुसरा रिकामा ठेवायचा, आकड्यांवर काळी पट्टी चिकटवायची. चावी फिरवताना रोल आहे की नाही हे हाताला कळतं, म्हणून ती बेबीनेच आधी फिरवून द्यायची. प्रत्येकातून एकच फोटो घ्यायचा. रिकाम्यात माणूस दिसला आणि भरलेल्यात नाही, तर मग बापाची चटणी खोटी.

बेबीने ताट उचललं. "तुमास्नी त्या बाईला फोटू द्यायचाय का सवताची खातरी करायची हाय?"

दोन्ही, असं तो म्हणाला.

"दोन्ही एका रोलावर मावत न्हाय," ती म्हणाली. पण कॅमेरे भरून द्यायला तयार झाली, शुक्रवारी.

गुरुवारी तो कॅमेरा न घेताच मेळ्यात गेला. बँड उभा होता तिथे दिवसाउजेडी त्याने पाहिलं. शामूच्या पलीकडे एका माणसाची जागा सोडलेली होती, आणि ती सोडून मग स्टेजचा खांब होता. काल हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने मारुतीरावांना विचारलं, माणसं अशी आखडून का उभी करता, तिकडे जागा आहे की.

"ती भरमाची," मारुतीराव म्हणाले. "आमच्यात वाजवनारा गेला तर वरीसभर त्याची जागा मोडत न्हाईत. वरीस घातलं की मग सरकायचं."

शामू बाजूला ट्रंपेट पुसत होता. तो हसत हसत सांगू लागला, की आपल्याला तर हे सोयीचंच पडलंय. रांगेच्या उघड्या बाजूला उभा असूनही तिकडून वारा म्हणून लागत न्हाय, बाकीची सगळी कुडकुडत्यात. मारुतीरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो पुन्हा ट्रंपेट पुसू लागला.

धर्मराज वाकून जमीन बघत होता. फुंकणाऱ्यांच्या वाद्यांत श्वासाचं पाणी साठतं, गाणं झालं की ते झटकतात. प्रत्येकाच्या पायापुढच्या मातीत ओले ठिपके पडले होते. मोकळ्या जागेपुढेही पडले होते. शामूने त्या बाजूला झटकलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते अगदीच अशक्य नव्हतं.

५

शुक्रवारी बेबीने दोन्ही कॅमेरे एकसारख्या चामडी पेट्यांत घालून दिले. त्याने डोळे मिटून एक उजव्या खांद्याला अडकवला, एक डाव्या. इतकं काटेकोर तो स्वतःच्या लग्नातही वागला नव्हता.

मेळ्याचा शेवटचा दिवस, त्यामुळे गर्दी फार. निपाणीच्या बँडची माणसं भोवती उभी होती, पोराबाळांना खांद्यावर घेतलेले बाप होते. थंडी इतकी की मारुतीरावांनी हातमोजे घालूनच काठी धरली होती. धर्मराज स्टेजपासून दहा पावलांवर उभा राहिला, उजवीकडचा कॅमेरा काढला आणि मान खाली घातली. काचेत नऊ लाल कोट आणि टोकाला जागा. त्याला स्वतःच्या छातीचे ठोके कॅमेऱ्याच्या पत्र्यावर ऐकू येत होते. भीती होती, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपण दाबतोय ते बटण खरं की कोरं हे त्याला माहीत नव्हतं.

मागच्या गर्दीतून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात टेकवला. काचेत डोकावायला लोक टेकवतात तसाच. एरवी तो झटकून टाकायचा, आज त्याने मान वर केली नाही. बटण दाबलं.

उजेडात नऊ जण होते. टोकाची जागा मोकळी होती, मागचा खांब स्वच्छ दिसला.

खांद्यावरचा हात निघाला. धर्मराजने दुसरा कॅमेरा काढला आणि त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून दुसरा फोटो घेतला. नऊ जण, मोकळी जागा, खांब. म्हणजे दोन्हींत नाही. दोघांपैकी एक कोरा होताच, आणि त्यातही माणूस दिसला नव्हता. म्हणजे सगळा मनाचाच खेळ, आपल्याच पापाने लाल कोट घातला होता. त्याच्या अंगातून वारं निघून गेलं. त्याने म्हातारीकडून पहिल्यांदा शेंगा विकत घेतल्या आणि सायकलवरून शीळ घालत वडगावला आला.

बेबीला त्याने निकाल सांगितला. ती म्हणाली, "दोन्हींत रोल हाय."

धर्मराजला आधी समजलंच नाही.

"कोरा ठिवून काय उपेग? तिथं कायबी असंल तर ते कागदावर याया पायजे. त्या बाईला उद्या काय दावनार, तुमची खातरी?"

प्रयोगाचा सत्यानाश झाला होता. दोन्ही खरे फोटो, आणि खऱ्यात तर तो बुधवारीही दिसला नव्हता. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. तो चिडून बोलायला गेला, पण बेबीच्या म्हणण्यात चूक कुठे काढावी ते त्याला सापडलं नाही.

६

शनिवारी सकाळी त्याने स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दोन्ही रोल धुतले. दुसऱ्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह जशी हवी तशी आली होती. नऊ माणसं, मोकळी जागा, खांब.

पहिल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर बँड नव्हता. मधोमध एक काळाकुट्ट डाग होता, म्हणजे कागदावर तो लख्ख उजेड होणार, आणि त्याच्याभोवती एक वाकलेला माणूस. पूर्ण वाळायची वाट न पाहता त्याने ती छापायला घेतली. लाल दिव्याखाली, औषधाच्या ताटलीत, कागद हळूहळू भरू लागला. आधी फ्लॅशचा गोळा. त्याखाली दोन भिंगं. मग कॅमेरा धरणारी बोटं, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, आणि काचेत बघायला खाली घातलेली मान.

तो धर्मराज होता. समोरून, स्टेजवरून काढावा तसा.

त्याने डोकं शाबूत ठेवलं. प्रतिबिंब असेल, म्हणाला. बँडच्या मोठ्या भोंग्याचं पितळ आरशासारखं घासलेलं असतं. पण भोंग्यातलं प्रतिबिंब फुगतं, हे सरळ होतं. आणि आरशातला माणूस डावरा दिसतो. हा उजव्या हाताने बटण दाबत होता.

त्याच्या खांद्यावर एक हात होता. बोटं लांब, टोकांशी चपटी झालेली. हाताच्या वर लाल कोटाची बाही असावी, फोटोत ती काळसर आली होती, आणि पितळी बटणांची ओळ. दुसऱ्या हाताने क्लॅरिनेट छातीशी धरलं होतं. टोपी जरा मागे होती आणि हनुवटी वर घेतलेली, त्यामुळे चेहऱ्यावर सावली नव्हती. तिशीतला, गालफडं बसलेला, मिशीखाली हसू दाबणारा माणूस. धर्मराज त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

त्यांच्या मागे, उजेड विरत जातो तिथे, आणखी माणसं उभी होती. त्याला वाटलं ती मेळ्यातली गर्दी. पण गर्दी इकडेतिकडे बघते. ही सगळी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. केस विंचरलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पोरांच्या खांद्यांवर हात ठेवलेले, फोटोसाठी उभं राहतात तशी नीट. पुढच्या एकदोघांची ओळख पटल्यासारखी झाली. बारशात बाळ उंच धरून दाखवणारी एक बाई होती. तिला त्याने "झालं, या आता" म्हटलेलं त्याला स्पष्ट आठवलं. तिच्या मागे किती जण होते ते मोठं भिंग घेतलं असतं तर मोजता आलं असतं. भिंग हाताशीच, खिळ्याला टांगलेलं होतं.

आयुष्यभर ज्याने प्रत्येक गोष्ट जवळ जाऊन पाहिली होती, त्याने ते घेतलं नाही.

बाहेर पायरीवर कुणीतरी पाटी टेकवल्याचा आवाज आला.

७

धर्मराज ओल्या हातांनी बाहेर आला. फोटो दाखवायचा नाही, हे त्याने पडद्याआडच ठरवलं होतं. खरं मात्र सांगायचं. आणि त्याने ते सांगितलं, एका दमात, तानीबाईच्या तोंडाकडे न बघता. निगेटिव्ह हरवली नाही, भिजली नाही, ती नव्हतीच. नुसता उजेड पाडला होता. सगळ्यांना पाडतो तसा.

तानीबाई ओरडेल, शाप देईल, याची त्याने तयारी ठेवली होती. तिने विचारलं ते वेगळंच.

"मंग त्येंनी मला खोटं सांगितलं म्हना की. काडला म्हनून."

हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. नऊ महिने त्याने स्वतःचं खोटं झाकलं होतं, आणि आता ते मेलेल्या माणसाच्या अंगावर पडत होतं. घरी येऊन हौसेने सांगणाऱ्या माणसाला त्याची बायको उरलेला जन्म खोटारडा समजणार होती. धर्मराजला ते सहन झालं नाही. तो आत गेला आणि फोटो घेऊन आला.

तिने तो दोन्ही हातांनी, कडेला धरून घेतला. पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"ह्येच," ती म्हणाली. आणि मग फोटो उजेडाकडे कलवून, "हसाय लागल्यात बगा."

ती रडली. धर्मराज उभा राहिला. तिने डोळे पुसले आणि फोटोतल्या पुढच्या माणसावर बोट ठेवून हा वाकलेला कोण म्हणून विचारलं. मीच, असं तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि हा कधी काढला, कुणी काढला, यातलं काहीही विचारलं नाही. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

धर्मराजने कात्री घेतली. मला कापून काढतो, त्यांचा एकट्याचा मोठा करून देतो, मागची गर्दीही काळी करून टाकतो, असं तो भराभर सांगू लागला. पण खांद्यापाशी कात्री अडली. स्वतःला कापून बाजूला करायचं तर भरमाचा हात मनगटापासून तुटत होता.

"बोटं तोडू नगा," तानीबाई म्हणाली. "त्या बोटांवर तर प्वाट हुतं आमचं. ऱ्हाऊ द्या तुमीबी."

मागची गर्दी तेवढी काळी करून, बाकी तसाच मोठा करून त्याने तो तिला दिला. पैशाचं नाव काढलं नाही.

वर्षश्राद्धाला तिने आग्रहाने बोलावलं म्हणून तो कंग्राळीला गेला. भर दुपारचं ऊन होतं. बँडची सगळी माणसं आली होती, साध्या कपड्यांत, ओळखू येत नव्हती. सोप्यात पाटावर फोटो मांडला होता, काच घालून, चौकट करून, आणि चौकटीला वरपासून खालपर्यंत झेंडूचा हार होता. काचेवर गंधाचे दोन ठिपके होते. ते धाकट्या मुलीने लावले होते. एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, हे तिला बरं वाटलं नाही, असं तानीबाईने कौतुकाने सांगितलं आणि ती वाढायला आत गेली.

लोक ओळीने पुढे जात, ताम्हणातलं एक फूल उचलून वाहत, हात जोडत. धर्मराजच्या पुढे सुलाबाई नावाची शेजारची म्हातारी होती. तिने फूल वाहिलं, डोळे बारीक करून फोटो न्याहाळला आणि मागे वळून, समोर दिसला त्याला, म्हणजे धर्मराजलाच विचारलं.

"भरमा वळकला. ह्यो म्होरचा कवा गेला रं?"

उत्तराची वाट न पाहता म्हातारी चुकचुकत भिंतीकडेला जाऊन बसली. धर्मराजने ताम्हणातलं फूल उचललं. मनात ठरवलं की हे भरमाच्या बाजूला ठेवायचं, पण चौकट एकच होती आणि पाटही एकच. मागे शामू आणि मारुतीराव खोळंबले होते. त्याने फूल मधोमध वाहिलं, हात जोडले आणि पुढच्याला वाट करून दिली.